चामखिळीचे वाङ्मय : आयरिश लोकोपचारांच्या निमित्ताने

आपल्या विद्यापीठांतील तौलनिक साहित्याभ्यासात आयर्लंड येतो तो बहुधा येट्स, सिंज आणि जॉइस या तिघांचे बोट धरून. लेडी ग्रेगरी यांचा 'व्हिजन्स अँड बिलीफ्स इन द वेस्ट ऑफ आयर्लंड' हा १९२० सालचा ग्रंथ पूरक वाचनाच्या यादीत असतो; पण विद्यार्थी तो उघडतात ते त्यातील येट्सच्या दोन निबंधांसाठी आणि टिपांसाठी. वनौषधी, मंत्र आणि जाणत्या बाया यांच्याविषयीचे प्रकरण 'पार्श्वभूमी' म्हणून ओलांडले जाते. पार्श्वभूमी हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. ज्या मजकुराचे काय करावे हे कळत नाही, त्याला सभ्यपणे बाजूस सारण्याची ती एक रीत झाली आहे. चामखीळ, नायटा, नागीण, भाजल्याचा फोड, गळू अशा अगदी सामान्य त्वचाविकारांवर आयरिश खेड्यांतून जे उपाय सांगितले जात आले, आणि काही प्रमाणात आजही सांगितले जातात, त्यांची गणना वाङ्मयात झाली पाहिजे व त्यांचे वाचन वाङ्मयाच्या अभ्यासकांनी केले पाहिजे, असे माझे मत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाचा आणि वैद्याचा या मजकुरावरील अधिकार मला मान्य आहे. मात्र त्यांच्या हाती गेलेला मजकूर परत येतो तेव्हा तो अर्धाच उरलेला असतो.

आमच्या शास्त्राला उपचारमंत्रांचे वावडे आहे असे नव्हे. १८६४ साली आडाल्बेर्ट कून याने अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील रोहणीसूक्ताची जर्मन मेर्सेबुर्ग मंत्राशी तुलना केली, आणि तेव्हापासून तुटलेला अवयव जोडण्याचा मंत्र हा भारोपीय तुलनेचा आवडता नमुना होऊन बसला. आयरिश परंपरेतही 'माग तुरेदची लढाई' या जुन्या कथेत मिआख हा वैद्य नुआदा राजाचा तुटलेला हात जोडतो तेव्हा सांध्यास सांधा भिडवण्याचा तोच क्रम येतो. ही तुलना सुंदर आहे. तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु तिच्यातील अभिरुची ध्यानात घेण्याजोगी आहे. तुलनाकारांना राजाचा तुटलेला हात चालतो, गुराख्याची चामखीळ चालत नाही. रोग जितका क्षुल्लक तितके त्यावरचे वाङ्मयही क्षुल्लक, असा एक अनुच्चारित निकष येथे काम करतो. प्राणावर बेतलेल्या दुखण्यात माणूस वैद्याकडे, देवाकडे, मिळेल त्याच्याकडे धावतो. तेथे त्याला निवड नसते. चामखिळीपाशी त्याला सवड असते, आणि कल्पनाशक्तीला सवडीत जे सुचते ते संकटात सुचत नाही.

या वाङ्मयाचा साठा केवढा आहे याची कल्पना आपल्याकडे फारशी नाही. १९३५ साली शेमस ओ डिलर्गा यांच्या संचालकत्वाखाली आयरिश लोकविद्या आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना निबंधाऐवजी घरच्या व गावच्या वडीलधाऱ्यांकडून माहिती लिहून आणावयास सांगितले. शिक्षकांसाठी जी विषयांची पुस्तिका छापली होती तीत 'गावठी उपचार' हा एक स्वतंत्र विषय होता. पन्नास हजारांहून अधिक मुलांनी लिहिलेला हा संग्रह सुमारे ७,४०,००० पृष्ठांचा आहे. उत्तर आयर्लंडातील सहा परगणे त्यात नाहीत, कारण ती शाळाखाती दुसऱ्या राज्याच्या अमलाखाली होती. आयोगाचे हे संचित आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे. २०१७ साली युनेस्कोने त्याचा जागतिक स्मृतिसंचितात समावेश केला, आणि मुलांच्या वह्यांची पाने आता आंतरजालावर कोणालाही पाहता येतात. मुलाच्या अक्षरातील मजकुराखाली बहुधा सांगणाऱ्याचे नाव, वय आणि गाव असते. आपल्या लोकसाहित्याच्या किती संकलनांत 'एका वृद्ध स्त्रीने सांगितले' याहून अधिक काही सापडते, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

आता चामखिळीकडे वळू. तिच्यावर डँडेलियनच्या देठातील दूध लावावे, बटाट्याची फोड चोळावी, हे झाले साधे उपाय. ते कोठेही सापडतील. त्यापुढे काय येते ते पाहा. खडकातल्या वा जुन्या दगडाच्या खळग्यात साचलेल्या पावसाच्या पाण्यात हात बुडवावा. पण ते पाणी सहज वाटेत भेटलेले असले पाहिजे, शोधीत गेलेल्यास गुण येत नाही. डुकराच्या चरबीचा तुकडा चामखिळीवर घासून जमिनीत पुरावा, तो कुजेल तशी चामखीळ जाईल. पण तुकडा चोरलेला असला पाहिजे. गोगलगाय चोळून ती काटेरी झुडपाच्या काट्याला टोचून ठेवावी. ती वाळेल तशी चामखीळ वाळेल. जितक्या चामखिळी तितके खडे मोजून पुरचुंडीत बांधावेत आणि ती चव्हाट्यावर टाकून द्यावी. जो कोणी ती कुतूहलाने उचलील त्याच्या अंगावर त्या जातील. लोहार तापलेले लोखंड ज्या डोणीत विझवतो त्या डोणीतले पाणी लावावे.

या उपायांतून औषधी द्रव्य वेगळे काढू गेल्यास हाती काही लागत नाही. चरबीत काही नाही, खड्यात तर नाहीच. जे आहे ते अटीत आहे. 'शोधू नये', 'चोरलेले असावे', 'मागे वळून पाहू नये' या अटी काढून टाकल्या की उपचार मरतो आणि उरते ती सामग्रीची यादी. अट ही कथेची मूळ घडण आहे, हे आपल्याला परीकथांच्या अभ्यासावरून ठाऊक आहे. येथे फरक एवढाच की कथेचा नायक राजपुत्र नसून हातावर चामखिळी आलेला शाळकरी मुलगा आहे, आणि कथा त्याने ऐकावयाची नसून करावयाची आहे. खड्यांच्या पुरचुंडीत तर मला एक कठोर समाजदर्शन दिसते. रोग नाहीसा होत नाही, तो फक्त पुढच्याकडे जातो. एकाची सुटका म्हणजे दुसऱ्या अनोळखी वाटसरूची बाधा. ही गोष्ट दहा-बारा वर्षांच्या मुलांनी कसल्याही अपराधभावाशिवाय वहीत लिहिली आहे. चोरलेल्या चरबीचा उपाय कॅथलिक शाळेच्या वहीत शिक्षकाच्या डोळ्यांदेखत लिहिला गेला, हेही काही कमी गमतीचे नाही.

लोहाराच्या पाण्याविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथील मठाच्या ग्रंथालयात एका हस्तलिखितात जुन्या आयरिश भाषेतील काही मंत्र टिकून आहेत. ते आठव्या-नवव्या शतकांतील मानले जातात. त्यांतील रुतलेला काटा काढण्याच्या मंत्रात गोव्हन्यु या देवलोहाराचा धावा आहे. संत पॅट्रिकच्या नावावर असलेल्या सुप्रसिद्ध कवचात स्त्रिया, लोहार आणि द्रुइड यांच्या मंत्रांपासून रक्षण मागितले आहे. लोहाराच्या हाती काही तरी आहे, ते बरे करील किंवा बाधेल, हा समज कमीत कमी हजार-बाराशे वर्षे त्या भूमीत वावरत आला आहे. १९३८ साली एखाद्या मुलाने डोणीच्या पाण्याविषयी दोन ओळी लिहिल्या तेव्हा त्याला यांतले काहीही ठाऊक नसणार. त्या दोन ओळी आणि सेंट गालेनचा मंत्र यांत अखंड परंपरा आहे असे मी म्हणत नाही. तसे सिद्ध करता येणार नाही. परंतु एक मजकूर वाङ्मयेतिहासात शिरतो आणि दुसरा 'अंधश्रद्धा' या मथळ्याखाली जातो, याचे कारण त्यांच्या गुणात नसून केवळ त्यांच्या वयात आहे, एवढे मात्र खास.

उपचाराइतकाच उपचार करणारा महत्त्वाचा. सातव्या मुलाचा सातवा मुलगा नायटा बरा करतो. बापाचे तोंड न पाहिलेले मूल फुंकर घालून तान्ह्यांच्या तोंडातील पांढरे चट्टे घालवते. पाणसरड्यासारख्या न्यूट या प्राण्याचे पोट जो जिभेने चाटील त्याच्या जिभेत भाजलेले बरे करण्याची शक्ती येते. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत वॉल्श, क्यो व कॅहिल या आडनावांच्या माणसांचे रक्त धावऱ्यासारख्या लाल पसरणाऱ्या सुजेवर रामबाण समजले जाई, अशी नोंद आहे. या सर्वांत एक नियम जवळजवळ सर्वत्र आढळतो: उपचारकाला पैसे द्यावयाचे नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी आभारही मानावयाचे नाहीत. आभार मानले की गुण जातो. ही शक्ती त्याने कमावलेली नसते, म्हणून ती विकता येत नाही. तो केवळ जन्माच्या योगायोगाने तिचा धनी झालेला असतो. अशा माणसाला आयरिश इंग्रजीत 'त्याच्याकडे अमुक रोगाचा क्युअर आहे' असे म्हणतात. जमीन असावी, गाय असावी, तसा क्युअर असतो.

येथे भाषांतराचा प्रश्न उभा राहतो, आणि मला तो या विषयाचा गाभा वाटतो. 'त्याच्या हाताला गुण आहे' हे मराठी वळण चटकन ओठांवर येते व ते पुष्कळसे जुळतेही. पण गुण हा माणसाच्या ठायी असतो, क्युअर त्याच्या मालकीचा असतो. चव्हाट्यावरच्या पुरचुंडीला मराठीत 'उतारा' यासारखा शब्द सापडणे दुर्मिळ भाग्याचे; तिठ्यावर ठेवलेला उतारा ओलांडू नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. मात्र उताऱ्यात उतरलेली बाधा कोणाच्या तरी माथी मारण्याचा उद्देश असतोच असे नाही, तर आयरिश पुरचुंडीत तोच मुख्य आहे. आयरिश भाषेतील 'ओर्हा' हा शब्द लॅटिनमधील प्रार्थनावाचक शब्दावरून आला. त्यात मंत्रही आहे आणि प्रार्थनाही. आपला 'मंत्र' त्याला पुरत नाही, 'प्रार्थना' तर नाहीच. 'स्लानलस' ही एक पानवेलीसारखी नव्हे तर जमिनीलगत पाने पसरणारी साधी वनस्पती. तिची पाने चुरगाळून जखमेवर बांधतात. 'स्लान' म्हणजे धडधाकट, सुखरूप. आणि निरोप घेतानाही आयरिश माणूस हाच शब्द उच्चारतो. इंग्रजीत ती निव्वळ 'रिबवर्ट' होते आणि निरोपातील तो सुखरूपपणा वाटेतच गळून पडतो. घराच्या छपरावर लावलेली हाउसलीक ही मांसल पानांची वनस्पती भाजलेल्या जागी रस लावण्यासाठी वापरीत. घर आगीपासून राखण्यासाठीही तीच. तिच्या एका आयरिश नावात वणव्याचा वा आगडोंबाचा शब्द आहे. कातडी भाजणे आणि घर जळणे हे एकाच नावाखाली येते, ते औषधकोशात येणार नाही.

उलट काही ठिकाणी मराठी वाचकाला इंग्रजी वाचकाहून अधिक जवळचे काही सापडते. कमरेभोवती उठणाऱ्या पुरळाला आपण नागीण म्हणतो, आणि तिचे तोंड व शेपूट जुळले की रोगी दगावतो असा समज महाराष्ट्रात सर्वत्र आहे. आयर्लंडातही हा विळखा पुरा झाला की माणूस वाचत नाही असेच सांगत. वैद्यक सांगते की हा पुरळ एका बाजूच्या मज्जातंतूच्या पट्ट्यातच उठतो व शरीराची मध्यरेषा सहसा ओलांडीत नाही. म्हणजे विळखा पुरा होण्याची वेळ जवळजवळ येतच नाही आणि समजाची परीक्षाही होत नाही. दोन दूरच्या समाजांनी एकाच विषाणूचा एकच आकार पाहिला आणि त्याला एकच शेवट कल्पिला. यासाठी भारोपीय मूळभूमीपर्यंत जाण्याची गरज नाही. माणसाची कंबर सगळीकडे गोलच असते.

उपचारांच्या संग्रहांचा एक दोष मात्र मला जाचतो. मायकेल मोलोनी यांचे १९१९ चे आयरिश लोकवनस्पतिविद्येवरील पुस्तक, पॅट्रिक लोगन या डॉक्टरांचे १९७२ चे 'मेकिंग द क्युअर', ॲलन व हॅटफील्ड यांचा २००४ चा ब्रिटन व आयर्लंडच्या औषधी वनस्पतींवरील मोठा ग्रंथ, हे सर्व परिश्रमाचे आहेत आणि त्यांच्यावाचून पुढे जाता येत नाही. परंतु एकाची मांडणी रोगवार, दुसऱ्याची वनस्पतिवार. एका बाईने एका संध्याकाळी सांगितलेले पाच उपाय पाच पानांवर विखुरतात. या विखुरण्याची कथा आयरिश लोकांनी आधीच सांगून ठेवली आहे. वर उल्लेखिलेल्या मिआखचा त्याचाच बाप, वैद्यराज दियन केख्त, मत्सराने वध करतो. मिआखच्या थडग्यावर त्याच्या सांध्यांच्या व स्नायूंच्या संख्येइतक्या, म्हणजे ३६५, वनस्पती उगवतात. त्याची बहीण आर्मेद आपला झगा पसरून त्या गुणांप्रमाणे लावून ठेवते; दियन केख्त येऊन तो झगा विस्कटतो, आणि म्हणून त्यांचे खरे गुण कोणालाच ठाऊक नाहीत. आर्मेदची मांडणी ही भावाच्या देहाप्रमाणे होती. शास्त्रशुद्ध सूची करणाऱ्यांना दियन केख्त म्हणणे अन्यायाचे होईल, हे मी जाणतो. ते मत्सराने काही करीत नाहीत. तरीही झगा विस्कटतोच.

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण गुण येतो का? या प्रश्नाला बगल देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. चामखीळ हा विषाणुजन्य विकार असून मुलांच्या बहुतेक चामखिळी वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातात. तेव्हा चिकाटीने केलेला कोणताही उपाय यशस्वी ठरतो. नेटलचे पान लागून आग होऊ लागली की चुक्याच्या कुळातील डॉकचे पान चोळतात. त्यात आग शमवणारे द्रव्य असल्याचा खात्रीचा पुरावा नाही. याउलट पहिल्या महायुद्धात दलदलीतील स्फॅग्नम शेवाळ जखमा बांधण्यासाठी आयर्लंडातून मोठ्या प्रमाणात गोळा झाले, आणि त्याची रक्त शोषून घेण्याची शक्ती खरीच होती. सर्वांत बोधक उदाहरण स्पर्ज या आपल्या दुधीच्या जातीतील वनस्पतींचे. त्यांचा चीक चामखिळीवर लावण्याची चाल आयर्लंडात व इतरत्रही होती. त्यांपैकी एका तणाच्या चिकातील द्रव्यापासून उन्हाने होणाऱ्या कर्करोगपूर्व त्वचादोषावर मलम निघाले. अमेरिकेत २०१२ साली त्याला मान्यता मिळाली. 'आजीबाई खऱ्या ठरल्या' असे म्हणणाऱ्यांना आनंद झाला. पुढे त्या मलमानेच त्वचेचा कर्करोग वाढण्याची शंका आली आणि २०२० साली युरोपात ते मागे घेण्यात आले. हा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, हे येथे स्पष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. प्रयोगशाळेच्या मान्यतेवर लोकोपचाराची प्रतिष्ठा टांगून ठेवली की मान्यता गेल्यावर प्रतिष्ठाही जाते. वाङ्मय म्हणून तिला दुसरा पाया देता येतो, आणि त्यासाठी एकाही रोग्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यापासून अडवावे लागत नाही.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे खरे कारण घरचे आहे. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे एकस्व मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. याचा आपण रास्त अभिमान बाळगतो. परंतु ते रद्द झाले कशाच्या बळावर? त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील केवळ मौखिक वापर हा पुरावा धरला जात नसे. छापील मजकूर लागे. कोट्यवधी घरांतील हळदीचे बोट ग्राह्य नव्हते, ग्रंथ आणि नियतकालिके ग्राह्य होती. यातून धडा घेऊन २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास आरंभ झाला. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथबद्ध परंपरांतील योग घेतले जातात आणि ते इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत उतरवले जातात. एकस्व तपासणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी ते आहे, म्हणून ही निवड समजण्याजोगी आहे. पण या पाच भाषांत एकही भारतीय भाषा नाही, आणि ज्यांची विद्या ग्रंथात नाही त्यांना त्यात जागा नाही. ते काम त्या ग्रंथालयाचे नाहीच, असे उत्तर मिळेल. मलाही तेच म्हणावयाचे आहे. ते काम भाषाविभागांचे आहे, आणि आपण ते हाती घेतलेले नाही.

हाती घेतले तर काय करावे लागेल? शालेय मुलांकडून लिहवून घेण्याचा आयरिश प्रयोग जशाच्या तशा रूपात येथे चालणार नाही. तिकडेही त्याचे तोटे दिसतात. संग्रहाचा फार मोठा भाग इंग्रजीत आहे, आणि सांगणाऱ्याची बोली व शाळेची भाषा यांच्यामध्ये मुलाची लेखणी उभी आहे. पुष्कळदा शिक्षकाने निवडून, सुधारून मोठ्या वहीत उतरवलेलेच पुढे गेले. आपल्याकडे तर ही दरी एखाद्या भिल्ल वा गोंड पाड्यावर याहून कितीतरी रुंद असेल. तेव्हा सांगणाऱ्याच्या बोलीतच, त्याच्या अटींसकट, एका बैठकीत जेवढे सांगितले तेवढे त्याच क्रमाने नोंदवावे, आणि द्रव्यांची सूची हवी तर ती नंतर स्वतंत्र करावी, एवढा एक संकेत सर्व विभागांनी पाळला तरी पुष्कळ साधेल. पदव्युत्तर प्रबंधासाठी असा एका गावाचा विषय घेऊ देण्यास हरकत काय, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. 'यात साहित्य कोठे आहे?' असे विचारले जाते. विचारणाऱ्यांपैकी पुष्कळजण अथर्ववेद शिकवतात.

एक अडचण मात्र खरोखर अवघड आहे. आयर्लंडात पुष्कळ मंत्र पुरुषाने स्त्रीला आणि स्त्रीने पुरुषालाच द्यावयाचे, एरवी सांगितले की त्यांची शक्ती जाते, असा दंडक होता. त्यामुळे मुलांच्या वह्यांत अशा नोंदी भेटतात की अमक्या गावी अमक्याकडे नायट्याचा क्युअर आहे. तो काय, हे नाही. संकलक अशा पानाला अपुरे समजतो आणि विश्लेषणातून गाळतो. माझ्या मते ते पान पुरे आहे. सांगणाऱ्याने जेथे थांबावयाचे ठरवले तेथे ते थांबले आहे. आपल्याकडील नोंदवहीतही अशा उपायासाठी एक ओळ राखून ठेवावी लागेल: रोग अमुक, गाव अमुक, उपाय आहे, सांगितला नाही.